काठापर्यंत

‘मला राग आला होता.’

वाक्य नेहमीच्याच आवाजात बाहेर पडलं, ना चढं ना उतरतं, आणि ते हवेत विरायच्या आत तिला कळलं की साक्षीदार असं काही बोललेलीच नाही. खोली क्रमांक चारमधल्या घड्याळात एकला दहा कमी होते. स्टेनोची बोटं एकदा धावली आणि थांबली. एवढ्यात ‘राग’ कागदावर उतरलासुद्धा. दोन अक्षरं. सरकारी वकिलांनी मान वर केली नाही, हातातल्या पेन्सिलीनं समोरच्या कागदावर एक रेघ तेवढी ओढली, आणि त्या रेघेचा आवाजही तिला ऐकू आला, इतकी खोली शांत झाली होती. ‘सध्या एवढंच, साहेब,’ ते म्हणाले. ‘पुढचं सुट्टीनंतर विचारतो.’ पट्टीचा गवई समेवर येऊन थांबतो तसे ते थांबले होते. न्यायाधीशांनी मान हलवली, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी खोकलं. तिच्या कानांच्या पाळ्या गार पडल्या होत्या. हातभर अंतरावर, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, मावशी उभ्या होत्या. आपण काय बोललो आणि आपल्या नावावर काय लिहिलं गेलं, यातला फरक त्यांच्या गावीही नव्हता. त्या तिच्याकडे बघून हसल्या. दोन तासांत आपल्या भाषेत बोलणारं एकच माणूस भेटलं, त्या माणसाकडे बघून हसावं तसं.

कोर्टात तिला सगळे दुभाषीबाई म्हणत. एकवीस वर्षांत तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं, आणि त्याचं तिला वाईटही वाटत नसे. तिचा धंदाच तसा. साक्षीदार ‘मी’ म्हणाला की दुभाष्यानंही ‘मी’च म्हणायचं, ‘तो म्हणतो’ असं मधे घालायचं नाही, हा पहिला नियम. त्या हिशेबानं तिनं आजवर चोऱ्या केल्या होत्या, तीन संसार मोडले होते, सख्ख्या भावाला जिन्यावरून ढकललं होतं, आणि सहा वाजता भाजी घेऊन घरी गेली होती. स्वतःबद्दल बोलायची वेळ आलीच तर ‘दुभाषी’ म्हणायचं, परक्या बाईबद्दल बोलावं तसं: दुभाषीला नीट ऐकू आलं नाही, दुभाषीला पाणी हवं आहे. नवी मुलं शिकायला यायची तेव्हा त्यांना हे जड जायचं. तिला पहिल्या दिवसापासून जमलं होतं. खून असो, बलात्कार असो, तिचा आवाज तसूभर हलायचा नाही. स्टेनो म्हणायची, ‘बाई, तुमचा आवाज म्हणजे इस्त्रीचा कपडा.’ तो कपडा आज पहिल्यांदाच डागाळला होता आणि डाग अजून तिच्याशिवाय कुणाला दिसला नव्हता.

खटला साधा होता, म्हणजे बाहेरून साधा. आरोपी मावशीच, आणि आज साक्षीला उभ्या होत्या त्याही त्याच. मावशी आजारी माणसांची देखभाल करायच्या. एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे त्या दोन वर्षं होत्या. घड्याळजींना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवं अंग लुळं, वाचा गेलेली. मुलगी दिवसभर कामावर. एका सकाळी मावशींनी त्यांना अंघोळीच्या टबात बसवलं, आणि त्या बाहेर गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा म्हातारा पाण्याखाली होता. शेजारच्यांनी त्यांना गॅलरीत पाहिलं होतं, कठडा घट्ट धरून. त्यामुळे ‘मी आतच होते’ असं म्हणायची सोय नव्हती, आणि मावशी तसं म्हणतही नव्हत्या. प्रश्न एवढाच होता, की त्या बाहेर का गेल्या. निष्काळजीपणा असेल तर एक कलम, आणि दुष्ट हेतू असेल तर दुसरं; आणि दोन कलमांच्या मधे एका माणसाचं उरलेलं आयुष्य. सरकारी वकिलांनी नेमकं तेच विचारलं होतं: ‘त्यांना पाण्यात ठेवून तुम्ही बाहेर का गेलात?’ मावशींनी एकाच शब्दात उत्तर दिलं.

तो शब्द तिच्या आईचा होता. म्हणजे मावशींची भाषा आणि तिच्या आईची भाषा एकच. कोर्टाची भाषा ती शाळेत शिकली, ही भाषा तिनं आईच्या पदराला धरून उचलली. त्या भाषेत भांडं काठापर्यंत भरलं की हा शब्द वापरतात, आता एक थेंब पडला तर सांडेल असं. माणसाबद्दलही वापरतात. रागानं भरलेलं माणूस, रडण्यानं भरलेलं माणूस, सुखानं भरलेलं माणूस, तिघांनाही एकच शब्द. कशानं भरलं ते पुढच्या शब्दात सांगायचं. मावशी पुढचा शब्द बोलल्या नाहीत. ‘काठापर्यंत आले होते मी,’ एवढंच म्हणाल्या आणि खाली बघू लागल्या. अशा वेळी दुभाष्यानं हात वर करायचा, शब्दाला दोन-तीन अर्थ आहेत, साक्षीदाराला खुलासा विचारू का, म्हणून परवानगी मागायची. नव्या मुलांना ती हे स्वतः शिकवायची. आणि आज तिनं हात वर केला नव्हता. क्षणाचाही विचार न करता, जणू उत्तर तिच्याकडे तयारच होतं, तिनं सांगून टाकलं होतं: राग.

खोली रिकामी झाली तशी ती उठली. चुकीचं तिला एवढं भय नव्हतं. चुका होतात, दुरुस्त करता येतात. भय वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ते वाक्य बोलताना तिच्या छातीत जे सैल झालं होतं, खूप वेळ आवळून धरलेली मूठ उघडावी तसं, ते तिला अजून जाणवत होतं.

कॉरिडॉरमध्ये बचावाची वकील तिच्या वाटेतच उभी होती. तरुण पोरगी, काळ्या कोटाची एक बाही शाईनं डागाळलेली. ‘दुभाषीबाई,’ ती हलकेच म्हणाली, ‘जड जाणार हो आम्हाला तो राग. मला त्या कधीच असं बोलल्या नाहीत. मी दोनदा विचारलं, दोन्हीदा नुसत्या रडल्या.’

‘खटल्याबद्दल दुभाषीला बोलता येत नाही,’ ती म्हणाली.

‘नाही नाही, विचारत नाहीये मी. मनातलं बोलले.’ पोरगी ओशाळली आणि जिन्याकडे गेली. तिचे बूट टक टक वाजत गेले आणि प्रत्येक पायरीला दुभाषीबाईला वाटलं, हाक मारावी. पायरी सरली, मजला सरला, हाक काही निघाली नाही.

बायकांच्या स्वच्छतागृहात खिडकीपाशी उभं राहून तिनं डोळे मिटले. श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. आठ वर्षं ती हे करत होती, रोज पहाटे वीस मिनिटं. शिंप्याच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावर ध्यानाचा वर्ग चालायचा. चटया, मोज्यांचा कुबट वास, खालून शिलाई मशिनची घरघर. वर्गातल्या बाई मऊ आवाजात सांगायच्या, भावना म्हणजे रस्त्यावरची रहदारी, आपण फुटपाथवर उभं राहून बघायचं, मधे उतरायचं नाही. उतरला नाहीत तर एक दिवस आनंद आपण होऊन येईल, कारण नसलेला आनंद, ज्याला दुसऱ्याची गरज नाही. ती सगळ्यात हुशार विद्यार्थिनी होती. ज्या बाईनं तेरा वर्षं दुसऱ्यांचे खून शांतपणे सांगितले, तिला स्वतःचा वैताग फुटपाथवरून बघणं काय अवघड? पण आता श्वास चारपर्यंत पोचेना. तिसऱ्या आकड्याला अडकायचा आणि तिथं आईचा आवाज उभा असायचा.

आई शेवटची चार वर्षं तिच्याकडे होती. तिथं अंथरुणावर पडल्यापडल्या आईची कोर्टाची भाषा गळून पडली, मग माणसांची नावं गळाली, आणि राहिली फक्त तिची स्वतःची भाषा, तीही हट्टाची, मागण्यांची, हाकांची. धाकटा भाऊ दर रविवारी फळं घेऊन यायचा, तासभर बसायचा आणि जाताना म्हणायचा, ‘ताई, तू आहेस म्हणून. तुझ्या कपाळाला कधी आठी दिसली नाही.’ खरंच दिसली नव्हती. रात्रीतून तीनदा चादर बदलली तरी नाही, तोंडावर अन्न थुंकलं तरी नाही. शेजारणी तिच्याकडे देवमाणसाकडे बघावं तसं बघायच्या आणि तिला ते आवडायचं, हेही ती फुटपाथवरून बघायची. मग तो दिवस. सुट्टीचा, सकाळी दहाचा, उन्हाचा दिवस. आईनं पेजेची वाटी उपडी केली. तिनं पुसलं, दुसरी आणली. आईनं तीही उपडी केली. तिसरी आणली. आईनं तिच्याकडे सरळ बघितलं, डोळ्यांत सगळी ओळख, आणि वाटी हळूच, मुद्दाम, कलंडवली. तेव्हा तिनं वाटी उचलली, बेसिनमध्ये ठेवली, आईच्या खोलीचं दार ओढून घेतलं, वरची कडी लावली, आणि आपल्या खोलीत जाऊन चटईवर बसली. वीस मिनिटांचा गजर लावला. आई हाका मारत होती. तिचं नाव घेऊन, लहानपणचं, घरातलं. एक हाक, दुसरी, दहावी. तिनं प्रत्येक हाक येऊ दिली आणि जाऊ दिली. आणि कितव्या तरी मिनिटाला, हाका चालू असतानाच, ते घडलं. कपाळाच्या मधोमध काहीतरी उघडलं, अंगाच्या कडा विरघळल्या, हात कुठे संपतो आणि हवा कुठे सुरू होते ते कळेना. भय नव्हतं, थकवा नव्हता, ती नव्हती. नुसता उजेड, आणि त्या उजेडात एक इतकं निखळ सुख, की गजर वाजला तेव्हा तिच्या गालांवर पाणी होतं. वर्गातल्या बाईंना तिनं सांगितलं (हाकांचं सोडून), तेव्हा त्यांनी तिचे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, ‘पोचलात तुम्ही.’

दार उघडलं तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला काही झालं नव्हतं. अकरा दिवसांनी ती वारली, डॉक्टर म्हणाले वय. पण त्या अकरा दिवसांत आईनं तिला एकदाही हाक मारली नाही. पाणी दिलं तर प्यायली, भरवलं तर खाल्लं, शहाण्यासारखं. त्यानंतर तीन वर्षं दर पहाटे ती त्याच चटईवर, त्याच खोलीत, तसाच गजर लावून बसत आली होती, तो उजेड पुन्हा यावा म्हणून. आला नाही. का येत नाही, हे आज स्वच्छतागृहाच्या खिडकीपाशी उभं असताना तिला अचानक, लख्ख कळलं. त्या दिवशी जे वाटलं ते शांतीचं सुख नव्हतंच. आई हाका मारते आहे आणि मी जात नाही, याचं ते सुख होतं. इतकं गोड, इतकं शांत की तिलाही ओळखू आलं नव्हतं. दार लावताना ती काठापर्यंत आलेली होती. आणि कशानं, ते तिनं आज भरकोर्टात, एका परक्या बाईच्या तोंडी घालून, सांगून टाकलं होतं.

‘बाई? बऱ्या आहात ना?’ स्टेनो डबा धुवायला आली होती. ‘पांढऱ्याफटक पडल्यायत.’

‘बरी आहे.’

‘आज लवकर सुटू बहुतेक. कबूलच केलंय की म्हातारीनं.’ नळ सोडत ती म्हणाली. ‘मला आधी वाटलं होतं बिचारी गरीब असेल. पण कुणाच्या पोटात काय असतं, सांगता येत नाही बघा.’

नळ वाहत राहिला. ‘नाही सांगता येत,’ दुभाषीबाई म्हणाली.

आणि तिथून खोली क्रमांक चारपर्यंत चालत जाताना तिच्या मनानं, त्या शिकवलेल्या, तावूनसुलाखून घेतलेल्या मनानं, तिला एक वाट दाखवली. सरकारी वकील आता रागाबद्दल विचारणार. तिनं तो ‘राग’ मावशींपर्यंत पोचवताना तोच जुना शब्द वापरायचा, काठापर्यंत येण्याचा. मावशी ‘हो’ म्हणतील. त्यांच्या मते त्या खरंच बोललेल्या असतील, वकिलांच्या मते त्यांनी कबुली दिलेली असेल, आणि दोन्हीच्या मधली फट फक्त तिला दिसेल, दुसरं कुणी जन्मात तिथं डोकावणार नाही. आवाज हलवायचा नाही, बस्स. हे किती सोपं आहे हे पाहून तिला घाम फुटला.

सुट्टी संपली. मावशी पिंजऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. मागच्या बाकावर घड्याळजींची मुलगी बसली होती, चाळिशीची, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरून. सगळे दिवस ती तशीच बसायची, पर्स कुणी हिसकावून नेईल तशी. सरकारी वकील उठले. ‘मावशी, आपण त्या रागाबद्दल बोलत होतो. तो शांत व्हायला साधारण किती वेळ लागला?’

तिनं मावशींकडे तोंड वळवलं. शब्द जिभेवर होता, आईच्या घरातला, गुळगुळीत, कधीपासून ओळखीचा. मावशी वाट बघत होत्या, पूर्ण विश्वासानं, डॉक्टरनं ‘आ करा’ म्हणावं आणि माणसानं करावं तसं. एक क्षण गेला. दुसरा गेला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. तिच्या हातानं वर जायला इतका वेळ घेतला, की तो दुसऱ्याच कुणाचा असावा असं तिला वाटलं.

‘साहेब, दुभाषीला दुरुस्ती करायची आहे.’

‘करा.’

‘सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या उत्तरात साक्षीदार राग म्हणालेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मी काठापर्यंत आले होते. त्या शब्दाचा अर्थ राग होऊ शकतो, दुःख होऊ शकतं, आनंदही होऊ शकतो. कशानं, ते त्यांनी सांगितलेलं नाही. राग हा शब्द दुभाषीचा आहे.’

सरकारी वकील आधी हसले, मग हसायचे थांबले. ‘साहेब, सुट्टीत बचावाच्या वकील कॉरिडॉरमध्ये यांच्याशी बोलत होत्या. मी स्वतः पाहिलंय. आणि आता दुरुस्ती! काय बोलणं झालं, कळेल का?’

बचावाची वकील ताडकन उठली. न्यायाधीशांनी तिला हातानंच बसवलं आणि दुभाषीबाईकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. एकवीस वर्षांच्या ओळखीची एक खप्पामर्जी होती. ‘बोलणं झालं?’

‘हो, साहेब. दोन वाक्यं. दुभाषीनं खटल्याबद्दल बोलायला नकार दिला.’

‘आणि ही चूक तुमच्या केव्हा लक्षात आली?’

आत्ता, असं म्हणायचं होतं. आत्ता म्हटलं की सगळं सुरळीत. चूक कुणाचीही होते.

‘तेव्हाच, साहेब. बोलताक्षणी.’

‘मग सव्वा तास तुम्ही गप्प राहिलात?’

‘हो.’

‘का?’

स्टेनोची बोटं थांबली होती आणि ती तोंड किंचित उघडं ठेवून दुभाषीबाईकडे बघत होती. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. ‘हे आपण नंतर बघू. मला ते बघावंच लागेल, समजून असा. आत्ता साक्षीदाराला विचारा, कशानं काठापर्यंत आलात?’

तिनं विचारलं. मावशी पिंजऱ्याच्या लाकडावरून अंगठा फिरवत राहिल्या. मग त्या बोलू लागल्या आणि ती त्यांच्यामागून, वाक्यावर वाक्य ठेवत, बोलू लागली.

‘मी त्यांच्याशी माझ्याच भाषेत बोलायची. मला तुमची नीट येत नाही, आणि त्यांना तर कुठलीच येत नव्हती. रोज टबात पाणी सोडलं, की हात घालून बघायचे आणि म्हणायचे, पाणी छान आहे. दोन वर्षं, रोज. त्या दिवशी मी म्हणायला विसरले. गडबडीत होते. त्यांना बसवलं, पाठीवर पाणी ओतलं. आणि ते म्हणाले, पाणी छान. माझ्या भाषेत. दोन वर्षांत तोंडातून शब्द नाही, आणि पहिला बोलले तो माझा. या गावात माझ्याशी माझ्या भाषेत कुणी कधी बोललं नव्हतं, साहेब. सतरा वर्षांत.’

‘मग?’ न्यायाधीशांनी विचारलं.

‘मग मी काठापर्यंत आले. सुखानं. मला रडू फुटणार होतं. आणि आम्हाला शिकवलंय, रोग्यासमोर रडायचं नाही, तो घाबरतो. म्हणून मी गॅलरीत गेले. कठडा धरला. म्हटलं, आवरू दे, मग आत जाऊ. आवरेना. किती वेळ गेला मला माहीत नाही. आयुष्यात एवढं सुख मला झालं नव्हतं.’

‘हे तुम्ही पोलिसांना का नाही सांगितलंत? तुमच्या वकिलांना?’

मावशींनी प्रश्न ऐकला आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. ती मागोमाग बोलली, आणि तिचाही चढला.

‘कसं सांगू? रागानं माणूस मेलं, तर लोकांना समजतं. मला सुख झालं म्हणून माणूस मेलं, हे कुणाला सांगू?’

मग मागच्या बाकावरून आवाज आला. घड्याळजींची मुलगी उभी राहिली होती. पर्स खाली पडली होती. ‘अजून काय म्हणाले?’ तिनं विचारलं. ‘बाबा अजून काय म्हणाले?’ शिपाई तिच्याकडे निघाला. न्यायाधीशांनी त्याला मानेनंच थांबवलं आणि दुभाषीबाईला म्हणाले, ‘विचारा त्यांना.’

तिनं मावशींकडे वळून वाक्याला सुरुवात केली, आणि दुसऱ्या शब्दावर तिचा आवाज फाटला. खोकला असेल असं तिला वाटलं, खोकला नव्हता. घशातून असा आवाज निघाला की ती स्वतःच दचकली. तिनं कठडा धरला. श्वास मोजायचं तिला सुचलंसुद्धा नाही. पाणी नाकाडोळ्यांतून वाहू लागलं, सगळ्यांसमोर, काळ्या कोटांसमोर, आणि थांबायचं नाव घेईना.

‘रडू नकोस, पोरी,’ मावशी त्यांच्या भाषेत म्हणाल्या. ‘तुझं काय झालं?’

आणि तिनं उत्तर दिलं. कुठल्याही दुभाष्यानं साक्षीदाराला द्यायचं नसतं, तसं, त्याच भाषेत. खोलीतल्या चौदा माणसांपैकी ते फक्त मावशींना कळलं. मावशींनी ऐकून घेतलं आणि हळू आवाजात एक प्रश्न विचारला. तिनं मान हलवली.

‘काय चाललंय हे?’ सरकारी वकील कडाडले. ‘साहेब, आरोपीशी खासगी बोलणं चाललंय इथं!’

‘दुभाषीबाई,’ न्यायाधीश म्हणाले, ‘या खोलीत बोललेलं प्रत्येक वाक्य मला कळलं पाहिजे.’

तिनं पदरानं तोंड पुसलं. सरळ उभी राहिली. आवाज अजून ओला होता, तो तसाच राहू दिला. ‘साक्षीदारानं विचारलं, तुझं काय झालं. त्यावर उत्तर असं: माझी आई अंथरुणावर होती. एक दिवस मी तिला खोलीत कोंडलं. ती हाका मारत होती आणि मी गेले नाही. मला जायचं नव्हतं. त्यावर साक्षीदारानं विचारलं, मग दार उघडलंस ना? उत्तर, हो.’

स्टेनोनं बोटं उचलून धरली होती. ‘साहेब,’ ती चाचरत म्हणाली, ‘हा जो ‘मी’ आहे… हा कुणाच्या नावावर लिहू?’

न्यायाधीश काही बोलायच्या आत दुभाषीबाईनंच सांगितलं. ‘माझ्या.’

त्या दिवसाचं कामकाज तिथंच थांबलं. पुढचं सगळं कागदोपत्री झालं, हळूहळू, जसं होतं तसं. दुसरा दुभाषी आणून ती सगळी साक्ष पुन्हा ऐकली गेली. मावशींवरचं मोठं कलम टिकलं नाही; निष्काळजीपणाबद्दल त्यांना दीड वर्ष झालं, त्यातलं बरंचसं त्या आधीच आत काढून बसल्या होत्या. तिच्यावर चौकशी बसली आणि वर्षभरासाठी तिला फौजदारी कामातून काढलं. भावाला तिनं त्याच संध्याकाळी फोन केला आणि त्या दहा वाजताच्या सकाळची गोष्ट, कडीसकट, सांगितली. तो ओरडला, ‘मला का नाही बोलावलंस? मी काय मेलो होतो?’ आणि तीही ओरडली, ‘रविवारी फळं आणायला जिवंत होतास!’ जन्मात ती दोघं अशी भांडली नव्हती. शेवटी त्यानं फोन आपटला. महिनाभर तो बोलला नाही. महिन्यानं आला तेव्हा हात हलवत आला, फळंबिळं काही नाही, आणि दोन तास बसला.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी ती कागद गोळा करून बाहेर आली तेव्हा कॉरिडॉर रिकामा झाला होता. डोळे सुजलेले, नाक लाल. उद्यापासून आपलं काय होणार याचा विचार करायचं त्राणही उरलं नव्हतं. जिन्याच्या तोंडाशी घड्याळजींची मुलगी उभी होती. दुभाषीबाई बाजूनं जाऊ लागली तशी ती पुढं आली.

‘त्या मावशींवर माझा राग आहे,’ ती म्हणाली. ‘तो जायचा नाही. तुम्हाला सांगून ठेवते.’

‘बरोबर आहे.’

‘पण ते शब्द. बाबा बोलले ते. त्या भाषेत कसे म्हणायचे?’

तिनं म्हणून दाखवले. दोनच शब्द होते, साधे, घरातले. मुलीनं ते उच्चारले. दुसरा शब्द चुकला, शेवटचा स्वर आखूड झाला. ‘ओढायचा जरा,’ ती म्हणाली, ‘असा,’ आणि पुन्हा म्हणून दाखवले. मुलीनं पुन्हा उच्चारले. आता पहिला बिघडला. खालच्या रस्त्यावर कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसलं होतं, जिन्यात झाडलोट सुरू झाली होती, आणि झाडणारा माणूस दोघींपाशी येऊन, त्या हलतायत का बघत, झाडू टेकवून उभा राहिला. दोघींनाही घाई नव्हती. तिनं मुलीच्या ओठांकडे बघत, स्वतःचे ओठ हलवत, परत एकदा सांगितलं; मुलगी मान डोलवत ऐकत राहिली, मग डोळे मिटून म्हणाली. या वेळी दोन्ही शब्द बरोबर आले.